वेताच्या पेटीतली लाट

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या गाळ्यात वीसेक माणसं शिरायची आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. तासाभरानं टाळ्या वाजायच्या. पुन्हा शांतता, आणि मग दारात चपला शोधायची गडबड.

हिसानो काजितानीच्या जिवाला या टाळ्यांनी घोर लावला. चाळीस वर्षं ती फिरत्या नाटक मंडळीत पडद्यामागून आवाज काढायची. टाळी म्हणजे काय, ती कशावर पडते आणि कशावर पडत नाही, हे तिला स्वतःच्या नाडीच्या ठोक्यासारखं ठाऊक होतं. पण काहीही न होता पडणारी टाळी तिनं जन्मात ऐकली नव्हती. बरं, भिंत जाड म्हणावी तर मध्ये नुसती फळी. पूर्वी तिथं बटणांचं दुकान होतं, तेव्हा म्हातारा दुकानदार पलीकडे शिंकला की हिसानो इकडून "जपा हो" म्हणायची.

बटणवाला गेल्यावर रिंको साकाकी नावाच्या मुलीनं तो गाळा घेतला आणि भिंती पांढऱ्या करून चित्रांची गॅलरी काढली. आली त्याच दिवशी, नव्या शेजाऱ्याच्या तिथल्या रीतीप्रमाणे, शेजारी टॉवेल वाटायलाही आली होती. "रविवारी संगीताचे कार्यक्रम होतील, काकू, पण तुम्हाला त्रास होणार नाही," असं म्हणाली होती. त्रास होणार नाही म्हणणारेच सगळ्यात जास्त त्रास देतात हा ओसाकाचा अनुभव, म्हणून हिसानोनं कानात घालायचे बोळे आणून ठेवले होते. ते डबीतच राहिले.

"एखादा पंथ असेल," कियोमी म्हणाली. कियोमी म्हणजे मंडळीतली टोप विंचरणारी बाई. आता दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज सकाळी हिसानोकडे चहाला यायची. "डोळे मिटून बसत असतील गप्प."

"पंथवाले टाळ्या वाजवतात होय?"

"मग विचार की जाऊन. जीभ गहाण टाकलीयस का?"

"चौकशीला आली म्हणतील."

"चौकशीलाच चाललीयस ना? मग म्हणू देत."

पुढच्या रविवारी हिसानो बशीत चार गोड पाव घेऊन गेली. रिंकोनं तिला मागच्या रांगेत बसवलं. समोर चाळिशीचा एक सडपातळ माणूस जमिनीवर बसला होता. त्याचं नाव तोगावा. त्याच्यापुढे पतंगाच्या कागदाचा गठ्ठा होता. त्यानं एक कागद उचलला आणि फाडायला सुरुवात केली. इतक्या सावकाश, की एक कागद फाटायला पाच मिनिटं लागली. मग दुसरा. कुणी हलेना. पुढच्या बाईच्या पोटात गुरगुरलं, ते साऱ्या खोलीला ऐकू गेलं, आणि तरी कुणी हसलं नाही. सहा कागद झाले. माणूस वाकला. टाळ्या.

चहाच्या वेळी हिसानोला राहवेना.

"पाऊस बारीक पडला हो तुमचा," ती तोगावाला म्हणाली. "सुरुवातीला ठीक होता. पुढं वाऱ्यानं उडाला."

तोगावानं नम्रपणे मान झुकवली. "पाऊस नव्हता तो, काकू."

"मग? आग होती?"

"कागद."

"कागद ते दिसलंच मला. पण कशासाठी?"

"कशासाठी असं नाही. कागदाचाच आवाज."

हिसानो घरी आली, पण ते वाक्य तिच्या पायात मांजरासारखं घोटाळत राहिलं. कागदाचाच आवाज! तिच्या धंद्यात असं काही नसायचंच. दोन शिंपले एकमेकांवर घासले की बेडूक. गोल पंख्यावर मणी शिवून तो हलवला की पाऊस. पिंपावर कापड ताणून ते फिरवलं की वारा. वस्तूनं आपला आवाज आपल्या नावावर काढला तर काम फसलं. प्रेक्षकाला शिंपला ऐकू आला की बेडूक मेलाच.

सोमवारी सकाळी तोगावा बशी परत करायला आला. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात तीन संत्री होती. कियोमी बसलेलीच होती. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हीच का ते कागद फाडणारे? आमच्याकडे जुनी वर्तमानपत्रं साठलीयत हो."

तोगावा हसला. खरंच हसला, नाटकी नाही. मग हिसानोला म्हणाला, "काकू, तुम्ही पाऊस करायचात का?"

"पाऊस सगळेच करतात. मी लाट करायचे."

आणि तिनं कपाटावरून वेताची पेटी उतरवली. दोन हात लांब, चपटी, कडांना तेलकट काळी. आत कागद ताणून बसवलेला आणि त्यावर अझुकी कडधान्याचे मुगाएवढे लाल दाणे. या पेटीची एक कथा होती आणि हिसानो ती कुणाला सांगत नसे. अकरा वर्षांपूर्वी तिची आसागिरी मंडळी बंद पडली तेव्हा टोप एका मंडळीनं नेले, भरजरी किमोनो दुसरीनं नेले, रंगवलेले डोंगरसुद्धा कुणीतरी ट्रकमध्ये भरून नेले. पेटी कुणी मागितली नाही. मालकाचा मुलगा तसा चांगला होता. तो म्हणाला, "काकू, लाटा आता यंत्रातून येतात," आणि त्यानं पेटी कचऱ्याच्या बाजूला ठेवली. ती हिसानोनं काखेत मारून घरी आणली. तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या मनात घर करून होता. आपण चाळीस वर्षं केलं ते काही होतं, की भाजीतल्या मिठासारखं भाजी संपताच संपलं?

तिनं पेटी एका बाजूला कलती केली. दाणे निघाले, घसरले, पसरले. खोलीत समुद्र आला आणि गेला.

कियोमीनं संत्रं सोललं.

"रविवारी वाजवाल का?" तोगावानं विचारलं.

"कोणत्या नाटकात?"

"नाटक नाही. नुसतं हेच."

तो गेल्यावर कियोमी म्हणाली, "झालं! नवरदेवाशिवाय वरात निघाली."

"माहीत आहे मला."

"मग हो का म्हणालीस?"

"बघायचंय," हिसानो म्हणाली. "नवरदेव नसला तरी वरात दिसते का ते बघायचंय एकदा. नाही दिसली तर पेटी टाकून देईन. पुन्हा विषय नाही."

आठवडाभर तिनं दाणे उन्हात घातले. फुटके वेचून काढले. पेटीला रात्रंदिवस वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं, कारण दमट वेत आवाज गिळतो. रविवारी तिनं काळा किमोनो काढला. पडद्यामागच्या माणसाचा रंग काळाच.

तीन वाजता रिंकोनं दार ओढून घेतलं. बावीस माणसं होती. कियोमी पहिल्या रांगेत, हातात रुमाल घेऊन. हिसानो गुडघे मोडून बसली. पेटी मांडीवर, दोन्ही हात कडांना. पाठ सरळ.

आणि ती थांबली.

इशाऱ्याशिवाय आवाज करायचा नाही, हा मंडळीचा पहिला नियम होता आणि हिसानोच्या हाडात तो एका दिवसात शिरला होता. शिकोकू बेटावरच्या एका गावात. मंडळीचा नायक शिओमारू स्त्रीवेषात कड्यावर उभा. कोळ्याची परित्यक्ता बायको. आता समुद्रात उडी घेणार. त्यानं उजवा पाय मागं घेतला की लाट, असं ठरलेलं. एकवीस वर्षांची हिसानो काळ्या पडद्याच्या भोकातून बघत होती, तिचे हात शिवशिवले, आणि शिओमारू अजून डोळे टिपत असतानाच तिची लाट फुटली. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, समुद्र घ्यायला आलाय, आटपा!" सारं थिएटर खिदळलं. मालक पुढची तीन गावं तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या गावी बोलला ते एवढंच, "लाट तुझी नाही. त्याची आहे." त्यानंतर चाळीस वर्षांत तिचा हात एकदाही आधी हलला नाही.

आता तो हलेना. तिचे डोळे आपोआप समोर गेले, कड्यापाशी, जिथं पाय असायचा तिथं. तिथं पांढरी भिंत होती. हिसानो वाट बघत राहिली. कशाची, हे तिलाही कळत होतं आणि तरी हात ऐकत नव्हते. पाच मिनिटं गेली. गळ्यावर घाम आला. बाहेर सायकलची घंटा वाजली. कुणाचा तरी सांधा कडकन वाजला. दहा मिनिटं. माणसं पुढं वाकून, श्वास रोखून बसली होती. एका मुलीनं डोळे मिटले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. हिसानोच्या पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. तोगावानं शेवटी हळूच मान झुकवली आणि एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या खोलीत इतक्या मोठ्या टाळ्या तिनं फळीपलीकडून कधी ऐकल्या नव्हत्या.

एक तरुण डोळे पुसत होता. "अप्रतिम," तो म्हणाला.

नाटकवाल्याला फुकटची टाळी खिशात घालता येते. कित्येकांनी घातली आहे, आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पोट असतं, घर असतं. वाकायचं, हसायचं, आत जायचं. हिसानोही अर्धी वाकली. मग थांबली.

"थांबा," ती म्हणाली. "मी अजून सुरूच केलेलं नाही."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा असं काहींना वाटलं आणि ते पुन्हा नीट बसले. कियोमी मात्र रुमाल तोंडात कोंबूनही खो खो हसली.

"हसतेस काय गं? मला खूणच मिळाली नाही!"

"काकू," रिंको हलकेच म्हणाली, "खूण कुणी देत नाही इथं. तुम्हाला वाटेल तेव्हा सुरू करा."

"मला वाटेल तेव्हा?" हिसानोचा आवाज चढला. "माझ्या वाटण्याचा काय संबंध?"

तोगावा तिच्याकडे बघत होता, पण त्यात ना कीव होती, ना मदत. कियोमीचं हसणं थांबलं. तिनं मैत्रिणीचा चेहरा पाहिला, आणि तिला कळलं की हिसानो आता ही पेटी घेऊन घरी जाईल ती थेट कचऱ्याच्या बाजूलाच ठेवेल. कियोमी उठली, एक पाय पुढं टाकला, आणि शिओमारूच्या बारीक रडव्या आवाजात म्हणू लागली, "हे समुद्रा, ज्यानं मला टाकलं त्याला सांग..." या वाक्याच्या शेवटीच पाय मागं जायचा. तीनशे गावांतून तिनं ते ऐकलं होतं.

हिसानोचे हात जागे झाले. मनगटं उचलली गेली. अजून चार शब्द, की लाट.

"कियोमी, खाली बस," ती म्हणाली.

"अगं, मी तुला—"

"कळलं. बस तू."

कियोमी बसली. हिसानोनं भिंतीवरची नजर काढून पेटीवर आणली. तिनं काम करताना पेटीकडे कधी पाहिलं नव्हतं. डोळे नेहमी त्या भोकाला. हात सुरकुतलेले होते, दाणे लाल होते. बरं तर, तिनं मनाशी म्हटलं. मालकाला विचारायचं नाही. मालक मेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

तिनं पेटी कलती केली.

दाणे सुटले. आधी एक, मग पाचपन्नास, मग सगळे. ओढ घेत, चढत, कडेवर आपटून फुटले. लाट चांगली आली. हात विसरले नव्हते. आता इथं शिओमारूची किंकाळी, मग ढोल, मग पडदा. हिसानोचे खांदे सवयीनं सैल पडले.

पण किंकाळी आली नाही. ढोल आला नाही. आणि त्या रिकाम्या जागेत पेटीतून काहीतरी ऐकू आलं. लाट फुटून गेल्यावर मागं राहिलेले थोडे दाणे कागदावरून परत येत होते, एकेक करत, अडखळत, कुठं दोन एकदम, कुठं एकटाच, आणि अगदी शेवटचा एक दाणा, थांबला असं वाटून पुन्हा थोडा घरंगळणारा.

हिसानो दचकली. हे काय? हे कुठून आलं? चाळीस वर्षं, दिवसाला दोन खेळ, आणि प्रत्येक वेळी नेमकं याच्यावर शिओमारू ओरडला होता. तिनं केलेल्या लाटेचं शेपूट तिनं स्वतः कधी ऐकलं नव्हतं.

तिनं पेटी दुसऱ्या बाजूला कलती केली. लाट आली, तिकडे तिनं फारसं लक्षही दिलं नाही. कान शेपटावर. यावेळी ते वेगळं होतं, लांब, आणि मध्ये एकदा मागं वळल्यासारखं. तिनं आणखी एकदा केलं, अगदी हळू. आता लाट जवळजवळ नव्हतीच, नुसतं दाण्यांचं परत येणं होतं. तिनं मान पेटीवर वाकवली, कान वेताला लावण्याइतकी. असं करणं मंडळीत शोभलं नसतं. समोरची बावीस माणसं आहेत की गेली, याचं तिला भान उरलं नव्हतं.

बराच वेळ झाला. पेटी स्थिर होती. सगळे दाणे निजले होते. लोकांना कळेना, टाळी द्यायची की नाही. मघाशी फजिती झाली होती ना!

शेवटी कियोमीच पुढं वाकून कुजबुजली, "अगं ए, संपलं का?"

"गप गं," हिसानो मान वर न करता म्हणाली. "आत्ता कुठं ऐकू यायला लागलंय." आणि तिनं पेटीची डावी कड केसभर उचलली.