टेपचं टोक

"मावशी, तुम्ही लोक देव मानत नाही ना? मग हे धार्मिक स्थळ कसं?"

साहेबांनी हे विश्रांतवाडीत, आमच्या विहाराच्या पायरीवर उभं राहून विचारलं. बुटांसकट. शेजारी उभा असलेला बारमालक खो खो हसला. साहेब हसले. आणि मीही हसले. ते हसू मला अजून गिळता येत नाही.

मी परवान्यांच्या ऑफिसात शिपाई. कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, तीही साहेबांच्या सहीने. बारला परवाना देण्याआधी जागा मोजतात. देऊळ किंवा शाळा ठरावीक अंतराच्या आत असेल, तर परवाना नाही. त्या दिवशीचा बार विहारासमोर, रस्त्यापलीकडे होता. मी विहाराच्या मागच्याच गल्लीत राहते. साहेबांना ते माहीत होतं. म्हणूनच मला सोबत घेतलं असणार.

विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका आहे. वस्तीतल्या मुली तिथे बसतात, कारण घरात एकच खोली आणि टीव्ही चालू. माझी लेक तिथेच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. मी धीर करून म्हणाले, "साहेब, वर पोरी अभ्यास करतात."

"अभ्यासिका म्हणजे शाळा नव्हे, मावशी. आणि कागदावर हे समाजमंदिर आहे. विहार तुम्ही म्हणता." मग म्हणाले, "तरी मोजू. उगाच तुमच्या लोकांचा मोर्चा नको."

टेपचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते पायरीवर धरलं. सरळ मोजलं, तर अंतर कमी भरलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या.

"माणूस काय उडत जातो का? मध्ये दुभाजक आहे. सिग्नलवरून मोजा."

त्या दुभाजकाची जाळी कधीची तुटली आहे. अख्खी वस्ती तिथूनच जाते. मघाशी साहेबही तिथूनच आले होते. पण मी टेप घेऊन सिग्नलपर्यंत गेले, वळले, बारच्या दारापर्यंत आले. टेप पुरत नव्हता. खडूने खूण करायची, पुन्हा पुढे धरायचा. भर उन्हात, वाकून. ओळखीची एक बाई थांबली. "अगं, काय मोजतेयस?"

"रस्ता," मी म्हणाले.

अंतर नियमात बसलं. मग पंचनामा.

"मावशी, तुम्ही इथल्याच ना? स्थानिक रहिवासी म्हणून करा सही."

मी दहावी झालेय. मला वाचता येतं. लिहिलं होतं, जवळ धार्मिक स्थळ नाही, शाळा नाही, रहिवाशांची हरकत नाही. कोणाला विचारलंच नव्हतं. माझी ऑर्डर संपायला पंधरा दिवस होते. मी सही केली.

"वा. अक्षर छान आहे हो तुमचं," साहेब म्हणाले.

बार सुरू झाला. संध्याकाळ झाली की विहाराच्या पायरीवर माणसं बसायची. पोरी वर जायला लागल्या की पाय आखडून घ्यायचे नाहीत, उलट काहीबाही बोलायचे. एकेक मुलगी येईनाशी झाली. माझ्या लेकीने महिनाभर रेटलं. मग पुस्तकं घरी आणली.

विहाराच्या कमिटीने माहितीच्या अधिकारात कागद काढले. लेकीने पंचनाम्याची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. "आई, ही तुझी सही आहे?"

मी हो म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून, कानात बोटं घालून वाचत बसली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तिच्या पाठीकडे बघताना साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. देव नाही मानत आम्ही. म्हणून तर पोरींनी शिकावं यासाठी ती खोली बांधली. एवढं साधं. पायरीवर का नाही सुचलं?

परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, तेव्हा हरकत घेता येते. मी अर्ज लिहिला. छान अक्षरात. सही माझी आहे. टेप मी धरला होता. सिग्नलवरून फिरवायला सांगितलं, मी फिरवला. हरकत कोणाला विचारली नाही. माझी हरकत आहे.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "मावशी, खोटी सही केली असं स्वतःच लिहून देताय. पहिल्या तुम्हीच अडकाल. आणि ऑर्डरचं काय?"

"पोच द्या," मी म्हणाले.

पोच मिळाली. ऑर्डर मिळाली नाही. बार चालू आहे. वस्तीतल्या बायका म्हणतात, सही तूच केलीस, आता कशाला नाचतेस? खरं आहे त्यांचं. लेक अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

सुनावणीत काही होईल असं मला वाटत नाही. मालकाकडे वकील आहे, साहेबांकडे शिक्का आहे. माझ्याकडे फक्त मी काय केलं ते आहे. तरी जाणार. एकच मागणार. पुन्हा मोजा. दारापासून दारापर्यंत, तुटक्या जाळीतून, सगळे जातात तसं. विहाराच्या पायरीवरचं टोक मी धरीन.

दुसरं साहेबांनी स्वतः धरावं.