सुईला दिसतं तेवढंच

“गिळू नका, बोलू नका. दुखलं तर माझा ॲप्रन ओढा.”

सुई टोचण्याआधी मॅडम प्रत्येक पेशंटला एवढंच सांगायच्या. कसबा पेठेतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये गालावरची, कानाखालची गाठ घेऊन माणसं यायची. मॅडम बारीक सुईने गाठीतला थेंब ओढून काचेवर पसरायच्या, मी ती काच रंगवायचे, आणि मग त्या मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायच्या. त्यांच्या ॲप्रनची उजवी बाजू ओढून ओढून लोंबायला लागली होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामाबाहेर त्यांचं कोणी नसतं, आणि ते कोणाला कळूही देत नाहीत. मॅडम डबा केबिनचं दार लावून खायच्या. दिवाळीत मी फराळाला बोलावलं, तर म्हणाल्या, “बोलावलंत, पोचलं.” आल्या नाहीत.

“साधी गाठ आहे असं लिहून टाका ना,” एका म्हाताऱ्या तांबटाने विनवलं होतं. मॅडम म्हणाल्या, “अहो, सुईला दिसतं तेवढंच सुई सांगते. पुढचं गाठीचा कापून काढलेला तुकडा सांगेल.” लाळग्रंथीच्या गाठी फसव्या, हे त्यांनीच मला शिकवलं. थेंबात साधी आणि वाईट गाठ कधीकधी जुळ्या बहिणींसारखी दिसते.

एका दुपारी त्यांनी मला बिननावाची काच दिली.

“कोणाची, मॅडम?”

त्यांनी केस मागे केले. डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ होती. मी काच रंगवून दिली. बराच वेळ पाहून त्यांनी स्वतःचा रिपोर्ट स्वतःच लिहिला : साधी असावी, पण खात्री नाही. तुकडा तपासावा.

ऑपरेशनला सोबत मीच गेले. फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती.

“नातं काय लिहू?”

“सहकारी लिहा. उगाच चुकीचं कशाला लिहायचं?” मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, “आलात, बरं झालं.”

तुकड्याने वाईटच सांगितलं. मॅडमनी त्या काचा मागवून घेतल्या आणि मलाही पाहायला लावल्या. चाळणीसारखी भोकं असलेले पेशींचे पुंजके चेहऱ्याच्या नसेला वेढून बसले होते. ती नस काढावी लागली होती. “अगदी पुस्तकातल्यासारखी आहे,” त्या म्हणाल्या. हसल्याही, पण अर्धाच चेहरा हसला.

पुढे काही वर्षं त्या तशाच कामावर येत राहिल्या. मग दुखणं छातीत उतरलं आणि कात्रजच्या फ्लॅटमधून बाहेर पडणं थांबलं.

त्या गेल्या त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेले होते. कामाची बाई सहाला निघून गेली. मीही उठले, तर म्हणाल्या, “घाई नसेल तर जरा बसा.”

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. थोडं बोलल्या, मग हळूहळू श्वास संथ झाला. उजवा डोळा मिटला. डावा मिटतच नसे, नसेबरोबर त्या पापणीतलं बळही गेलं होतं. त्या झोपल्या आहेत की माझ्याकडे बघताहेत, मला कळेना.

मी बसून राहिले.