चित्रातला नंबर

छापखान्यात ती प्रुफं तपासायची, तेव्हापासून तिला सगळे ताईच म्हणत. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली. एकदा एका शोकपत्रात गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या धडधाकट भावाचं नाव छापलं जाणार होतं. ते तिनं ऐन वेळी पकडलं, तेव्हा मालकांनी अख्ख्या छापखान्याला चहा पाजला होता.

छापखाना बंद पडला तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. रडत बसली नाही. भाचीकडून वेबसाइट बनवायला शिकली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत टेबल मांडलं. अकरा वर्षांत त्रेचाळीस वेबसाइट झाल्या. दातांचे डॉक्टर, कुलपांच्या किल्ल्या करणारा, गाडी शिकवणाऱ्या बाई, असली सगळी छोटी माणसं.

गिऱ्हाईक आलं की आधी ती त्याला खुर्चीत बसवून ऐकवायची. "वेबसाइटचं नाव स्वतःच्याच नावावर घ्या. माझ्या नको, मेव्हण्याच्या तर मुळीच नको. उद्या त्याच्याशी वाजलं तर पाटीच घेऊन जाईल तो. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. परक्या हसऱ्या माणसांचे फोटो लावू नका, तुमचं तोंड आहे तसं चालेल. आणि दर महिन्याला एकदा सगळी पानं उघडून बघा, तीसुद्धा घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर."

सिलिंडरवाले काका तिचे सुरुवातीपासूनचे. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ते ऑक्सिजनची सिलिंडरं पुरवायचे. त्यांचा एकच हट्ट होता. दुकानाच्या फोटोवरच फोन नंबर हवा, आणि हा एवढा मोठा.

"काका, चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही. बदलायची वेळ आली तर अख्खं चित्र नव्यानं करावं लागतं."

"मी कशाला बदलतोय? वीस वर्षं हाच आहे. चष्मा न सापडणाऱ्या म्हातारीलासुद्धा दिसला पाहिजे."

तिनं मान तुकवली. गिऱ्हाइकापुढे किती ताणायचं.

पण काकांना जागा सोडावी लागली. नव्या दुकानात फोनही नवा आला. काकांनी तिला नंबर कळवला आणि तिनं त्याच दुपारी संपर्काचं पान बदललं, सिलिंडरांच्या यादीचं बदललं, प्रत्येक पानाच्या तळाची ओळ बदलली. चित्र उद्या करू म्हणाली. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट बंद पडली, तिच्यात दोन दिवस गेले, आणि चित्र डोक्यातून गेलं ते गेलंच.

पाच आठवड्यांनी, भर दुपारी, एक माणूस दारात उभा राहिला. बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, दाढी वाढलेली.

"त्या सिलिंडरवाल्यांच्या वेबसाइटवर खाली तुमचं नाव आहे. तुम्हीच का?"

"हो. या ना, बसा."

तो बसला नाही. त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर दुकानाचा फोटो होता आणि त्यावर ठळक आकड्यांत जुना नंबर.

"गेल्या आठवड्यात वडिलांचं सिलिंडर सकाळी सातला संपत आलं. मी या नंबरावर चाळीस मिनिटं फोन करत होतो. रिंग जात होती. वाटलं, आत्ता उचलतील, मग उचलतील. शेवटी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत..." त्यानं फोन खिशात टाकला. "मी भांडायला आलेलो नाही. हे बदललं का, तेवढं बघायचंय."

ताईनं संगणक सुरू केला. पासवर्ड दोनदा चुकला. चित्रातला जुना आकडा पुसला, नवा लिहिला, चित्र चढवलं. ड्रायव्हरनं आपल्या फोनवर पान पुन्हा उघडलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"तीन मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. रागानं नाही, नुसतंच.

तिनं काकांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जुनी लाइन तोडायचा अर्ज दिलाय मी. अजून तोडली नाही त्यांनी. कुलूपबंद दुकानात घंटा वाजत होती गं." नंबर बंद असता तर ड्रायव्हरनं लगेच दुसरं दुकान शोधलं असतं. हे दोघांनाही कळलं.

ड्रायव्हर अजून दारातच होता. "एक काम कराल? आईला वाटतं, मी घाबरून भलताच नंबर फिरवला. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. तुम्ही येऊन सांगाल?"

ती पायात चपला अडकवून तशीच निघाली.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पलंगाची गादी गुंडाळून भिंतीला लावली होती आणि रिकामं सिलिंडर कोपऱ्यात तसंच उभं होतं. म्हातारी खिडकीशी स्टुलावर बसली होती.

"आजी, नंबर त्यानं बरोबरच लावला. चूक तिथे लिहिलेल्या नंबरात होती. तो बदलायचं काम माझं होतं, आणि मी विसरले."

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं. "रिंग जात होती?"

"हो. बंद दुकानात."

"म्हणजे हा खरं बोलत होता." म्हातारी म्हणाली. "सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाले मी याला, तू बापाला घालवलंस. खांदा देऊन आला होता, तेव्हा म्हणाले."

ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. म्हातारी उठली नाही, पण हात लांब करून तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बरं केलंस आलीस," ती ताईला म्हणाली. "आता जा."

महिन्याभरात काकांनी वेबसाइट दुसऱ्याकडे दिली. तिला बोल लावला नाही, पण फोनही केला नाही. घरी नवरा म्हणाला, "त्या म्हातारबाबांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणे, तसेही फार दिवसांचे नव्हते ते." ती म्हणाली, "फार नसतील. पण त्या दिवसाचे होते."

तिनं उरलेल्या बेचाळीस वेबसाइट पान पान तपासल्या, प्रुफं तपासायची तशा, ओळीखाली पट्टी धरून. सहा ठिकाणी चुका निघाल्या. नवी कामं घेणं तिनं बंद केलं. आता जुन्यांची देखभाल तेवढी करते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वेबसाइटवर दिसणारा प्रत्येक नंबर स्वतः फिरवून बघते. किल्ल्या करणारा वैतागतो, "ताई, जिवंत आहे मी, ठेवा फोन." ती निमूटपणे यादीत खूण करते आणि पुढचा नंबर लावते.