वेल्मारची थिअरी आणि रविवारचा फोन

गेल्या रविवारी माझी जरा फजितीच झाली... निपाणीत, घरच्याच पुढच्या सोप्यात बसून, कुणी बघत नसताना. तरी सांगतोच.

माझी मुलगी स्नेहल बेंगळूरला कंपनीत आहे. मी वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस, तिची आई गेल्यापासून घरात एकटाच. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा... जेवण, तब्येत, पाऊस, की झालं. दोन मिनिटांत दोघांचेही विषय संपायचे आणि "ठेवतो गं" म्हणताना मला दरवेळी गलबलून यायचं.

मागच्या दिवाळीला ती घरी आली होती तेव्हा लॅपटॉपवर एक गेम खेळत बसलेली. मी सहज विचारलं, ही राणी घंटा का वाजवतेय? तर पोरगी जी बोलायला लागली... चहा गार झाला तरी थांबेना.

थोडक्यात सांगतो. त्या गेममधली राणी जादूची घंटा वाजवते आणि काळाला दोन फाटे फुटतात, म्हणजे दोन टाइमलाइन होतात. एकीत लढाई उत्तरेचा राजा जिंकतो, दुसरीत दक्षिणेचा. पण गेम हे कुठंच स्पष्ट सांगत नाही, म्हणून जगभरची पोरं यूट्यूबवर व्हिडिओ करून वाद घालत बसतात.

मला वाटलं, चला, विषय सापडला. मी ते व्हिडिओ बघायला लागलो. इंग्रजी भरभर, ड्रॅगनची नावं तोंडात बसेनात... पण नेटानं बघितले. रविवारी मी एक शंका काढायचो आणि तास-तासभर बोलणं चालायचं. आठवडाभर मी त्या तासाची तयारी करायचो म्हणा ना. नाहीतर घरात टीव्ही सोडला तर आवाज कुणाचा...

तर त्या गेममध्ये वेल्मार नावाचं एक गाव आहे. गावाला नावं दोन, दुकानांवर पाट्या दोन लिप्यांत. एक म्हातारी नवऱ्याशी एका भाषेत भांडते आणि भाजीवाल्याशी दुसऱ्याच भाषेत घासाघीस करते. यावरून फॅन मंडळींनी ठरवून टाकलं की वेल्मारमध्ये दोन्ही टाइमलाइन एकमेकींत मिसळल्यात, आणि ही म्हातारी चुकून दुसऱ्या काळातून इकडं आलीय.

मी हसून हसून बेजार. अहो, आमच्या शेजारच्या आक्का रोज सकाळी दारात उभ्या राहून हेच करतात... घरात मराठी, भाजीच्या गाड्यापाशी कन्नड. बेळगावला जाणाऱ्या बसवर बेळगावी लिहिलेलं असतं, पण चढताना कुणाला वाटत नाही की काळाला फाटा फुटलाय. वेल्मार हे आमच्या निपाणीसारखं नुसतं सीमेवरचं गाव आहे. लढाई कुणीही जिंको, म्हातारी तीच आणि तिचं भांडणही तेच.

मोबाइलवर भाषांतर करून मी ही थिअरी एका व्हिडिओखाली टाकली. ब्राझीलच्या का कुठल्या पोरानं उलट लिहिलं, हा विचार आजवर कुणी केलाच नव्हता. माझी कॉलर ताठ. शनिवारभर घरात फेऱ्या मारत, स्नेहलला हे कसं रंगवून सांगायचं याची तालीम केली.

रविवारी फोन आला. मी सगळं सांगितलं, आक्कांसकट. ती हसली, पण जरा उशिरा.

"आप्पा, रागावू नका," ती म्हणाली. "मी तो गेम कवाच सोडलाय. उन्हाळ्यातच."

"मग इतके दिवस बोलत हुतीस ते गं?"

"तुमी इतकं आवडीनं बोलायला लागलासा... म्हटलं, आप्पांना कशाचा तरी नाद लागलाय, बरं हाय. फोन लावायच्या आधी मी बी व्हिडिओ बघून घ्यायची."

"अगं, मला कुठला नाद? ते ड्रॅगन बघून डोकं दुखतंय माझं. तुझ्यासंगं बोलायला मिळतंय म्हणून बघतोय मी."

दोघंही हसलो. मग हसू थांबलं आणि वाटलं, आता बोलायला उरलं काय? राणी गेली, वेल्मार गेलं, आम्ही दोघं परत त्याच दोन मिनिटांवर येऊन ठेपलो. तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली, पण फोन कुणीच ठेवेना.

मग तिनं विचारलं, "आप्पा, एकटं वाटतंय काय वो तुमाला?"

हे तिनं आधीही विचारलंय. दरवेळी मी 'न्हाय गं, मला काय धाड भरलीय' म्हणून उडवून लावतो. बापानं असंच बोलायचं असतं, असं आपलं डोक्यात बसलेलं. त्या दिवशी मात्र ते तोंडात आलंच नाही.

"व्हय," म्हटलं. "लई वाटतंय."

ती हळूच म्हणाली, "मला बी."

मी समजत होतो, मोठं शहर, मोठी कंपनी, पोरगी मजेत आहे. ती समजत होती, आप्पा गेममध्ये रमलेत. तिनं सांगितलं, रूममेट लग्न होऊन गेली, आता संध्याकाळी खोलीवर आलं की दिवासुद्धा लावावासा वाटत नाही. मी सांगितलं, एकट्यापुरतं करायचा कंटाळा येतो म्हणून बऱ्याचदा दूध-पोहे खाऊनच झोपतो. उपाय तिच्याकडं नव्हता, माझ्याकडंही नव्हता... ती नोकरी सोडणार नाही, मी निपाणी सोडणार नाही.

फोन ठेवल्यावर घर होतं तेवढंच रिकामं होतं. पण ते आता माझ्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत आहे... पोरी, तू परत विचारलंस, बरं केलंस.