बिनतपासलेली शेगडी

आज सकाळी सिलिंडर बदलताना गॅसचा वास आला आणि मला मलकापूरचं ते दुकान आठवलं. त्या वेळी आम्ही सगळे दीर-जावा धरणाकाठी तंबू ठोकून दोन दिवस राहणार होतो. स्वयंपाक माझ्याकडे होता, म्हणून हे मला छोटी गॅसशेगडी निवडायला घेऊन गेले. दुकानदाराच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्यानं छोट्या टाकीवर शेगडी बसवली, कॉक उघडला, आणि गॅस गळतो का हे पाहायला बोटावर थुंकी घेऊन सांध्याला फासली. लालसर, चिकट थुंकी, तिच्यात सुपारीचा तुकडा. "पाहा भाऊ, एक बुडबुडा नाई!" तो म्हणाला. "हेच बांधा," हे खूश होऊन म्हणाले. त्या शेगडीवर मला भाकरी भाजायच्या होत्या. परक्यांसमोर माझं तोंड उघडत नाही, तरी मी कशीबशी म्हणाले, "दुसरी दाखवा." त्यानं दुसरी काढली आणि बोट पुन्हा तोंडात घातलं. "थांबा!" मी ओरडलेच, "मले बिनतपासलेली द्या." "अन् गळली तं वं?" ह्यांनी विचारलं. "गळू द्या. साबणाचं पाणी लावून मी पाहीन घरी." दुकानदार खो खो हसला, बंद खोकं काढून बांधलं, आणि सुतळी दातानं तोडली. शेगडी चांगली निघाली. ती सुतळी मात्र मी चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकली, आणि अजूनही जेवताना हे गंमत म्हणून ती गोष्ट काढतात तेव्हा मी ताटावरून उठते.