ओरिन हॅझलेटने तीन आठवडे तपासलेली रायफल

ओरिन हॅझलेटला काही स्वस्त दाखवलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. महाग दाखवलं तरी पडते, पण ती वेगळी. महागाची आठी स्वतःच्या खिशाकडे बघून पडते, स्वस्ताची समोरच्याच्या तोंडाकडे बघून. आमच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या या काउंटीत लष्कराने काढून टाकलेल्या जुन्या बंदुकांचा नाद असलेले पन्नासेक लोक असतील. त्यांत पैशाने सगळ्यात बेताचा आणि संशयाने सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणजे ओरिन.

काचेच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्याने बाटल्यांतले तडे शोधले. पट्ट्यावरून बाटली सरकत यायची, मागे दिवा असायचा आणि ओरिनने बघायचं ते एवढंच, की हिच्यात बिघडलंय काय. चांगली बाटली पुढे गेली की ती त्याच्या लक्षातही राहायची नाही. अशी नोकरी केलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची? तो निवृत्त झाला, त्याचा डोळा काही निवृत्त झाला नाही.

या डोळ्याने त्याचं किती नुकसान केलं ते त्याच्या तोंडावर सांगायची सोय नाही, म्हणून इथे सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी सरकार नेमबाजी क्लबांच्या सभासदांना गरँड रायफल विकायचं. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात आपले शिपाई हीच घेऊन लढले. एका माणसाला आयुष्यात एकच, एकशे पासष्ट डॉलरला, टपालाने घरपोच. क्लबातल्या झाडून सगळ्यांनी अर्ज भरले. ओरिनने भरला नाही. "सरकार स्वस्तात देतंय म्हणजे नळ्या झिजलेल्या असणार," म्हणाला. पुढे हार्डवेअरच्या दुकानात रशियन रायफली पिंपात झाडूंसारख्या उभ्या करून ठेवलेल्या असायच्या, एकोणऐंशी डॉलरला एक. ओरिन दर शनिवारी जाऊन त्या हुंगून यायचा. "एवढा माल आलाय म्हणजे भाव अजून उतरणार. आत्ता घेईल तो मूर्ख." मूर्खांनी दोन-दोन घेतल्या. आज त्याच रायफलीला पाचशे मागतात आणि तेवढे देऊनही चांगली मिळेलच असं नाही.

आता त्याचं वय अडुसष्ट, पेन्शन जेमतेम. हवी होती ती एकच वस्तू, गरँड. तीही कुणी हात न लावलेली, लष्कराच्या गोदामातून निघाली तशीच. अशा रायफलीच्या लाकडी दस्त्यावर, डाव्या बाजूला, कारखान्याच्या तपासनिसाने दाबलेला एक चौकोनी ठसा असतो. सगळी किंमत त्या ठशाची. बाजारात अशी रायफल पंधराशेच्या खाली बोलत नाही आणि दर हंगामाला शंभर-दोनशेने वर सरकते. कुठे स्वस्त सापडलीच, तर ओरिनला तिच्यात खोट दिसायची, आणि खरं सांगायचं तर दहांतल्या सात वेळा ती असायचीही. जुन्या लाकडावर नवा ठसा मारणारे बहाद्दर आमच्याकडे कमी नाहीत. त्यामुळे त्याला वेडा म्हणून सोडूनही देता येत नव्हतं.

लेंट सुरू झाला होता. या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं. तिथे कोबी-नूडल्स वाढायला रोझेला कुबियाक उभी होती. तिचा नवरा कॅझ हा ओरिनच्याच कारखान्यात बाटल्या खोक्यांत भरायचा. दोन वर्षांपूर्वी वारला.

"ओरिन, थांब जरा," पळी हातात तशीच धरून ती म्हणाली. "तुला गरँड हवीय ना अजून?"

"कोण म्हणालं?"

"अरे, सगळं गाव म्हणतं. कॅझची आहे कपाटात. सरकारकडून आली तेव्हापासून खोक्यातच आहे. सहाशे दे आणि घेऊन जा."

दुसरा कुणी असता तर ताट तिथेच ठेवून तिच्या घरी धावला असता. ओरिनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"सहाशे का?"

"का म्हणजे? जास्त देणारेस?"

"तसं नाही. आकडा कुणी सांगितला?"

"कुणी नाही. ईस्टरनंतर मी ईरीला मुलीजवळ राहायला जातेय. तिथल्या बिल्डिंगीत बंदूक चालत नाही. आणि सहाशेत मुलीकडे एक नवा पलंग येतो. झालं समाधान? मागे रांग थांबलीय, सरक पुढे."

ओरिन सरकला. मासा खाताना त्याच्या डोक्यात एकच होतं. पलंगाच्या किमतीवरून बंदुकीची किंमत ठरवतं का कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या घरी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने लांबट पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं होतं. आत तेलकट कागद, आणि कागदात रायफल. लष्कराने साठवणीसाठी चोपडलेलं ग्रीस इतक्या वर्षांत काकवीसारखं काळं, चिकट झालं होतं. लाकूड तर त्याने पिऊनच टाकलेलं. ओरिनने डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याखाली चौकोनाची कड लागली.

छातीत धस्स झालं त्याच्या. आनंदानेच झालं, पण त्या माणसाला आनंदही आधी तपासून घ्यायची सवय.

"हे खोकं कुणी उघडलं होतं?"

"कॅझने एकदा. बघितलं, म्हणाला छान आहे, आणि ठेवून दिलं."

"एकदाही झाडली नाही? मग घेतली कशाला?"

"आयुष्यात एकच मिळते म्हणून घेतली. तुम्हा लोकांचं काय कळतंय मला!"

सरकारी पत्र खोक्यातच होतं. पत्रावरचा नंबर रायफलीवरच्या नंबराशी जुळत होता. ओरिनने दोन्ही तीनदा ताडून पाहिले. नंबर जुळत नसता तर त्याला संशय आला असता. जुळला म्हणून जास्तच आला.

"हे ग्रीस एवढं कसं राहिलं?" तो म्हणाला. "ह्या घाणीखाली काय लपलंय कुणी सांगावं? तडा असेल, कुठे भेगेत लांबी भरून बुजवलेली असेल. मला डोळे मिटून घ्यायला सांगतेस."

रोझेलाने हात कमरेवर ठेवले. "ओरिन, कॅझने तुला फसवायला चाळीस वर्षांपूर्वी घाण फासून ठेवली, असं म्हणायचंय का तुला?"

"कॅझचं नाव नाही घेत मी. मी फक्त म्हणतो, दिसत नाही."

"मग काय करू?"

"मला विचार करू दे."

विचार करायला त्याने तीन आठवडे घेतले. नंबर पोलिसांना देऊन चोरीच्या यादीत शोधायला लावला. तिथे काही निघालं नाही. ओहायोतल्या एका जाणकाराला नंबर, नळीवरची तारीख आणि ग्रीसखालून वाचता आलेली ठशाची अक्षरं कळवली. बंदुकांच्या बाजारात टेबल लावणारा मर्ल ट्रॅक्सलर त्याचा जुना ओळखीचा. त्याला रोझेलाचं नाव न सांगता विचारलं.

"सहाशे? खोक्यातली? पत्रासकट?" मर्लने कॉफीचा कप खाली ठेवला. "घे, गाढवा! पळत जा!"

झालं. मर्ल एवढी घाई करतोय म्हणजे त्याचाही यात हात असणार, असं ओरिनने ठरवलं आणि आणखी चार दिवस घालवले. मला तर कधी कधी वाटतं, स्वर्गाच्या दारात कुणी याला आत ये म्हटलं, तर हा आधी बिजागऱ्या बघेल.

शेवटी ओहायोहून पत्र आलं. नंबर, नळी, ठशाची अक्षरं, सगळं एकाच वर्षाचं आणि एकमेकांशी मिळणारं. "असा अस्पर्शित नमुना मी दहा वर्षांत पाहिलेला नाही," असं त्याने लिहिलं होतं. "कृपा करून त्याला काहीही करू नका. साफसुद्धा करू नका." ओरिनने पत्र दोनदा वाचलं, उजेडात धरून कागदही पाहिला, आणि मग त्याला हसू आलं. हयातीत पहिल्यांदा शोधायला काही उरलं नव्हतं. त्याने रोझेलाला फोन केला.

"शनिवारी ये," ती म्हणाली. आवाजात लपवलेली खुशी होती. "तुला एक गंमत दाखवायचीय."

शनिवारी सकाळी तो पाकिटात सहाशे घेऊन गेला. रायफल टेबलावर होती, खाली स्वच्छ टॉवेल. ती चमकत होती. दस्ता जेवणाच्या नव्या टेबलासारखा पिवळसर, गुळगुळीत, वरून व्हार्निशचे दोन हात. लोखंडाचा राखी काळेपणा तारेच्या चोथ्याने घासून पार गेलेला, चमच्यासारखं पांढरं निघालेलं.

"दहा दिवस लागले!" रोझेला म्हणाली. "ओव्हन साफ करायचा फवारा मारला, तरी ग्रीस सुटेना. मग सँडपेपर घेतला, आधी जाडा, मग बारीक. कॅझची हत्यारं होतीच. तू म्हणालास ना, घाणीखाली काय लपलंय कुणी सांगावं? बघ आता. तडा नाही, लांबी नाही, काही नाही."

तिने रायफल उचलून त्याच्यासमोर धरली. फवाऱ्याने तिच्या बोटांची टोकं फाटली होती, दोन बोटांना पट्ट्या होत्या. ओरिनने डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला. अंगठा घसरत गेला. चौकोन नव्हता, कड नव्हती, काहीच नव्हतं. ऐंशी वर्षं युद्धातून, गोदामातून, टपालातून आणि कपाटातून टिकलेली खूण त्याच्या एका वाक्याने गेली होती. सँडपेपर तिचा, पण घासली त्यानेच. ते त्याला तिथेच कळलं.

"आता पटलं?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "पटलं. काही खोट नाही."

आणि त्याने पाकीट टेबलावर ठेवलं.

रोझेला पाकिटाला हात लावेना. तिने रायफल परत टॉवेलवर ठेवली आणि ती त्याच्याकडे टक लावून पाहू लागली.

"ओरिन."

"काय?"

"तीन आठवडे तू मला खाल्लंस. खोकं कुणी उघडलं, आकडा कुणी सांगितला, पत्र खरं कशावरून. आणि आज नीट बघितलंही नाहीस, दोन मिनिटांत हो?"

"साफ केलीस ना तू. म्हणून."

"तुझा चेहरा पांढरा पडलाय. काय लपवतोयस?"

"काही नाही, रोझेला."

"हिची किंमत जास्त आहे," ती सावकाश म्हणाली. "म्हणून तुला घाई झालीय. मी बाई माणूस, मला भाव काय माहीत, असं वाटलं तुला. थांब. ही मी त्या ट्रॅक्सलरला दाखवते. तो सांगेल खरं."

ट्रॅक्सलर सांगेल यात शंका नव्हती. मर्ल वाईट माणूस नाही, पण त्याच्या जिभेला हाड नाही. दस्ता बघताक्षणी तो कपाळावर हात मारून ओरडला असता, "बाई, काय केलंत हे!" आणि मग कॅझने आयुष्यात एकदाच मिळालेली वस्तू तशीच जपून ठेवली होती आणि आपण दहा दिवस राबून, बोटं फाडून तिची माती केली, हे ओझं घेऊन ही बाई ईरीला गेली असती.

ओरिन खुर्चीवर बसला. खरं सांगायचं नाही, एवढं त्याने ठरवलं. उरलं काय, ते त्याला फार शोधावं लागलं नाही.

"बरोबर ओळखलंस," तो म्हणाला. "पंधराशेची आहे. मला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

हे तर खरंच होतं, आणि म्हणूनच त्याला मान वर करता येईना.

"पंधराशे दे मग," ती म्हणाली. "चेक नको. तुझा चेक मी घेणार नाही."

बँक शनिवारी बारापर्यंत उघडी असते. तो गेला, बचतीतून बाकीची रक्कम काढली आणि परत आला. येताना गाडीत त्याला दोनदा वाटलं, जाऊन सरळ सांगून टाकावं. मग स्टिअरिंगवरच्या आपल्या धड बोटांकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने तो विचार सोडला. आज ही रायफल बाजारात सातशेला गेली तरी नशीब.

रोझेलाने नोटा एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. मग रायफल टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या हातात दिली. ओरिन दारापर्यंत गेला.

"कॅझ तुझ्याबद्दल एक म्हणायचा," ती मागून म्हणाली. "म्हणायचा, ओरिन संशयी आहे, पण मनाने सरळ. त्याच्याशी व्यवहार करायला भ्यायचं नाही."

ओरिन थांबला.

"बरं झालं तो गेला," ती म्हणाली. "त्याला फार लागलं असतं."

"हो," ओरिन म्हणाला, आणि रायफल सांभाळत पायऱ्या उतरला.