आधी पाठ कर, अर्थ मागाहून

सांगलीहून निघाले त्या दिवशी बाबांनी मला दारातच थांबवलं आणि पंधरावा अध्याय म्हणायला लावला. खाली रिक्षा उभी, नवरा बॅगा चढवतोय, आई दह्याची वाटी घेऊन ताटकळलेली, आणि मी चपला काढून श्लोक म्हणतेय! एका विसर्गावर घसरले. बाबा म्हणाले, "पुन्हा." गाडी चुकायची वेळ आली तरी पुन्हा. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तिकडे काय हवं ते खा, पण उच्चार बिघडवू नकोस."

बाबा बँकेत होते, पण त्यांचा जीव संध्याकाळच्या पाठांतर वर्गात. हॉलमध्ये सतरंजी घालून गल्लीतल्या मुलांना बसवायचे. स्पर्धेत माझा पहिला नंबर ठरलेला. इथे टोकियोत, फुनाबोरीला आले तेव्हा तेवढंच माझं भांडवल होतं. भाषा येत नव्हती, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते कळत नव्हतं, पण गणपतीत मी म्हणायला लागले की सगळे चिडीचूप. मिरवून घ्यायचे मी, खोटं कशाला बोलू?

तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच बाहेर पडलेत त्यांना हे ठाऊक असेल: परदेशात आपण फुकटात धर्माचे जाणकार होतो. शेजारच्या ओकादा-सान मला त्यांच्या वाचन मंडळात घेऊन गेल्या. सगळी साठी-सत्तरीची मंडळी आपला ग्रंथ वाचत होती, तोही इंग्रजीवरून जपानीत आलेला. मूळ इंग्रजी एका अमेरिकन माणसाचं. तिकडच्या तरुणांना चर्च आणि लढाया दोन्ही नकोशी झाली, केस वाढवून ते गंगेकाठी गुरू शोधायला आले, त्या लाटेतला हा. त्याने रणांगण उचलून माणसाच्या मनात नेऊन ठेवलं. कर्तव्याचा झाला 'स्वतःचा शोध'. देव तर असा गोड बोलतो, जणू समुपदेशकच. मी नाक मुरडलं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते खवळले, "बूट घालून देवघरात शिरलेत लेकाचे!" मीही हो ला हो केलं.

मग एका शनिवारी उलट्या झाडाचा श्लोक आला. मुळं वर, फांद्या खाली, ते झाड. अमेरिकन माणसाने लिहिलं होतं, झाडाला धरलेली मूठ हळूच सैल कर, प्रेम कुठे जात नाही. ओकादा-सानचे यजमान आदल्या वर्षी गेले. त्यांचे बूट अजून दारातच आहेत, रोज पुसलेले. ओकादा-साननी मला विचारलं, "मुळातही असंच आहे का? हळूच?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खणखणीत श्लोक म्हटला. माना डोलल्या. "आणि अर्थ?" मी लगेच म्हटलं, "माझे वडील सांगतील. त्यांनी जन्मभर हेच शिकवलंय."

पुढच्या शनिवारी व्हिडिओ कॉल लावला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून बसले होते. सुंदर म्हटलं त्यांनी. ओकादा-साननी प्रश्न विचारला, मी तो मराठीत सांगितला. बाबा गप्प. मला वाटलं नेट अडकलं, पण मागचा पंखा फिरताना दिसत होता. मग बाबा हळूच म्हणाले, "पुन्हा म्हणू का?" आणि त्यांनी श्लोक पुन्हा म्हटला.

ओकादा-सान कमरेत वाकल्या. मी जमिनीकडे बघत होते. मला बाबांची लाज वाटली, आणि त्यांची लाज वाटली याची त्याहून जास्त वाटली. ज्या माणसाला मी पुढे केलं, त्याच्या मागे मीच तर लपले होते!

घरी पोचते तोच त्यांचा फोन. "मला येत नाही गं," बाबा म्हणाले. "आमचे गुरुजी म्हणायचे, आधी पाठ कर, अर्थ मागाहून. ते मागाहून काही आलंच नाही." माझ्या लेकीने "इमी वा?", म्हणजे अर्थ काय, असं विचारलं की मीही तिला हेच सांगत आलेय.

"तुझ्या त्या अमेरिकन माणसाने काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी मागवलेल्या मूळ इंग्रजी प्रतीतून वाचलं. बाबा श्लोकातला एकेक शब्द पुटपुटायला लागले आणि मध्येच थांबले. "अगं, शस्त्र आहे इथे. दृढ शस्त्र. तोडायला सांगितलंय, सैल करायला नाही." शस्त्र! दृढ! दोन्ही शब्द चांगले मराठीत आहेत, आणि लहानपणापासून मी ते घडाघडा म्हणत आले. विसर्ग ऐकू यायचा, शस्त्र कधी ऐकू आलं नाही.

"जिंकलात की बाबा," मी म्हटलं. "सांगते त्यांना, त्याचं चुकलंय म्हणून."

"थांब," ते म्हणाले. "त्या बाईंना इतक्यात तोडायला सांगू नकोस. नवरा गेलाय गं तिचा."

मी तरीही सांगितलं. आता आणखी लपणं नको झालं होतं. मुळात तोडायला सांगितलंय, 'हळूच' त्या अमेरिकन माणसाचं, हे सांगितलं. वडिलांनी इतक्यात सांगू नको म्हटलं होतं, तेही सांगितलं. ओकादा-साननी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या अमेरिकन माणसाने आणि तुमच्या वडिलांनी, दोघांनीही माझाच विचार केला."

आता दर रविवारी मी बाबांना ते इंग्रजी वाचून दाखवते. ते मूळ शब्द चाचपत त्या अमेरिकन माणसाशी भांडतात. "हे त्याने पदरचं घातलंय!" मग थोड्या वेळाने, "हे मात्र बरं सुचलं लेकाला." आपला ग्रंथ परक्याचं बोट धरून वाचायचा, याची लाज वाटते. अजून वाटते. आणि तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता ना, घरची आठवण येते का? येते. पूर्वी घर म्हटलं की बाबांचा खणखणीत आवाज आठवायचा. आता "मला येत नाही गं" म्हणणारा आठवतो, आणि जावंसं वाटतं ते त्या आवाजाजवळ.